मिरिस्सात जेवायचं तर समुद्राकडे पाठ करून

पहिल्या रात्री आम्ही जेवलो ते अगदी पाण्याला लागून. वाळूत टेबल, टेबलावर बरणीत मेणबत्ती, दहा पावलांवर लाटा. शेजारी बर्फावर मासे मांडलेले: सुरमई, कुपा, माकूळ, मनगटाएवढी कोळंबी. आपण बोट दाखवायचं, पोरगा वजन करणार आणि निखाऱ्यावर भाजून आणणार. मी एका तांबूस माशावर बोट ठेवलं. पाटीवर ४५० लिहिलं होतं. श्रीलंकेचे साडेतीन रुपये म्हणजे आपला एक, तेव्हा एवढा थोरला मासा सव्वाशेत, असा हिशेब करून मी मनातल्या मनात खूश. त्या ४५०च्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत '१०० ग्रॅम' होतं, ते बिल आल्यावर दिसलं. वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज. पावणेसहा हजार. मासा वाईट नव्हता, पण लसूण आणि लोण्यात बुडवून असा सुकवला होता की तो जगातल्या कुठल्याही किनाऱ्यावरचा असू शकला असता.

मावशी सोबत होती. ती माळकरी. तिच्यापुढे पांढरा भात, मसुराचं वरण आणि लाल रंगाची ओल्या खोबऱ्याची चटणी. ती चटणी तिला इतकी आवडली की तिने दोनदा मागून घेतली. "तू तुझा मासा घेऊन बस. या माणसांना नारळ कळतो," म्हणाली. या चटणीची गोष्ट पुढे येते.

मिरिस्सा म्हणजे श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, मातारा जिल्ह्यातलं एक चिमुकलं गाव. कोलंबो फोर्टहून किनारा धरून जाणाऱ्या गाडीने आम्ही वेलिगामला उतरलो आणि तिथून सहा किलोमीटर टुकटुकने. मिरिस्सालाही स्टेशन आहे, पण ते लहान. वेलिगाममधलं 'वेलि' म्हणजे वाळू आणि 'गाम' म्हणजे गाव, हे टुकटुकवाल्याने सांगितलं आणि मी सावरून बसले. सिंहली आपल्याच भाषाकुळातली. एक, देक, तुन, हतर, पह असे आकडे मोजणाऱ्या माणसाशी परकेपणा किती वेळ टिकणार? डिसेंबर ते एप्रिल हा तिथला हंगाम. देवमासे बघायला लोक येतात, किनारा गजबजतो. आम्ही फेब्रुवारीत गेलो.

गावाची रचना जेवणाऱ्याच्या दृष्टीने अगदी सोपी आहे. आधी समुद्र, मग वाळूवरची रेस्टॉरंटं, त्यांच्या पाठीमागे मातारा रोड, आणि रस्त्यापलीकडे रेल्वेच्या दिशेने आत शिरणाऱ्या गल्ल्या. लाटांचा आवाज जसा कमी होत जातो तसं जेवण सुधारतं आणि बिल उतरतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला मातारा रोडवर एका टपरीवजा दुकानासमोर सात-आठ टुकटुक उभी दिसली, गिऱ्हाईक एकही नाही. चालक सगळे आत जेवत होते. याहून मोठं प्रशस्तिपत्रक मला नको होतं.

पाटी सिंहलीत, खाली इंग्रजीत फक्त 'हॉटेल'. तिथेही हॉटेल म्हणजे खायची जागा. राहायची सोय असेलच असं नाही. आपल्यासारखंच. लोक मात्र त्याला 'कडे' म्हणतात. आत काचेच्या कपाटात मातीची मडकी ओळीने, प्रत्येकात नारळाच्या करवंटीची डावली. मागे उभी असलेली बाई चाळिशीची, सगळे तिला अक्का म्हणत होते. मावशीनेही लगेच तिला अक्का म्हणायला सुरुवात केली. वयाने मावशीच वीस वर्षांनी मोठी, पण ते कोणाला खटकलं नाही.

अक्काने स्टीलच्या ताटावर पातळ प्लास्टिकचा कागद ताणून बसवला, म्हणजे ताट धुवायला नको. मग लाल तांदळाचा भात, ढीगभर. तांबडा, जाड, किंचित चिवट भात, आजोळी वेंगुर्ल्याला जेवायचे तसा. भाताला तिथे 'बत' म्हणतात, हे सांगायलाही नको. भाताभोवती परिप्पु, म्हणजे नारळाच्या दुधातलं मसुराचं वरण. वांग्याचं काहीतरी काळपट आंबटगोड. मंडूकपर्णीची पानं केसासारखी बारीक चिरून, खोबरं, कांदा आणि लिंबू घालून केलेली कच्ची कोशिंबीर. आणि एक तपकिरी, मऊ, मसालेदार भाजी, जी मावशीने तोंडात घातली आणि डोळे मिटले.

"कुयरी आहे."

कुयरीच होती. कोवळा फणस. सिंहलीत त्याला पोलोस म्हणतात. पुढे जून झाला की कोस, पिकला की वरक. आपल्याकडे कुयरी, फणस, गरे, तसंच. फळाच्या प्रत्येक वयाला वेगळं नाव देणाऱ्या लोकांकडे ते फळ नीटच शिजवलं जाणार. दालचिनी, मिरी, भाजलेल्या मसाल्याची काळपट आमटी आणि फोडी अशा की बोटाने दाबल्या तर धागे सुटतात.

वाढपी दर पाच मिनिटांनी भात आणि आमट्या घेऊन फिरत होता. पुरे म्हणायला सिंहलीत 'ॲती' म्हणतात. मावशीला हा शब्द फार पटला. तिसऱ्या वाढीला ती हात आडवा धरून म्हणाली, "ॲती, बाबा, अती झालं." दोघींचे मिळून साडेनऊशे. म्हणजे आपले पावणेतीनशेही नाहीत.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. हे दुपारचं जेवण साडेअकरा ते दोन एवढंच. अडीचला गेलात तर मडक्यांच्या तळाशी डावल्या वाजताना ऐकू येतील. आणि तिखट. परदेशी दिसलं की ते आपणहून कमी तिखट देतात, पण आमच्या तोंडावळ्यामुळे आम्हाला ती सवलत मिळाली नाही. 'सॅर अडुवेन' म्हणजे कमी तिखट. हे मी दुसऱ्या दिवशी शिकले, पहिल्या दिवशीच शिकायला हवं होतं.

आता चटणी. तिचं नाव पोल सांबोल. पोल म्हणजे नारळ. ओलं खोबरं, सुकी मिरची, कांदा, लिंबू आणि मीठ असं पाट्यावर रगडतात. मावशी दोन दिवस ती सकाळ-दुपार-रात्र खात होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मी अक्काला कृती विचारली. तिने एकेक जिन्नस दाखवला आणि शेवटी डब्यातून लाकडाच्या ढलपीसारखं काहीतरी काढलं. तपकिरी, खडखडीत, ठोकलं तर टक्क वाजणारं. मी विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "उंबलकड." मालदीवकडचा वाळवलेला, धुरी दिलेला कुपा. त्याचा चुरा चवीला घालतात, पोल सांबोलमध्ये तर हमखास, आणि कित्येकदा भाज्यांतही. तिच्या लेखी तो मासा नव्हता, मसाला होता. आपण हिंगाला काही वेगळं समजतो का?

मावशीला कसं सांगावं हे मला कळेना. सांगितलं. ती क्षणभर गळ्यातल्या माळेशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "दोन दिवस पांडुरंगाला ठाऊक होतं, मला नव्हतं. आता मला कळलं. आता नाही खायचं." आणि ताटातली चटणी तिने शांतपणे माझ्या ताटात सरकवली. तेव्हापासून 'मालु नॅतुव, उंबलकड नॅतुव', म्हणजे मासा नको, उंबलकड नको, एवढं सिंहली ती न अडखळता बोलायची. शाकाहारी असाल तर हे वाक्य पासपोर्टाबरोबरच ठेवा. नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही.

माझं मात्र सगळं लक्ष एका वेगळ्या मडक्यावर होतं. त्यात काळ्या, कोरड्या, चौकोनी वड्या होत्या. अंबुल तियल. 'अंबुल' म्हणजे आंबट, हे उघड आहे. दक्षिण श्रीलंकेची ही खासियत: कुपाचे जाड चौकोनी तुकडे, त्यांना गोरका, मिरी आणि मीठ यांचा वाटून केलेला गोळा चोळायचा, मडक्यात केळीच्या पानावर रचायचे आणि सगळं पाणी आटेपर्यंत मंद विस्तवावर ठेवायचे. फ्रिज नसताना हे दिवसचे दिवस टिकायचं. आंबटपणामुळेच टिकतं. मी अक्काला गोरका दाखव म्हटलं. तिने हातावर काळी, सुरकुतलेली, चामड्यासारखी एक पाकळी ठेवली. मी वास घेतला आणि मावशीच्या नाकाशी नेली.

"आमसूल," मावशी म्हणाली. मग जरा थांबून, "पण आमसूल नाही."

दोन्ही बरोबर. कोकम आणि गोरका दोन्ही गार्सिनिया, चुलत भावंडं. गोरक्याला लाल रंग सुटत नाही, आणि त्याचा आंबटपणा अधिक कडक, मागे थोडा कडवट रेंगाळणारा. त्या वडीचा एक कोपरा मोडून भातात कालवला की आधी मिरी लागते, मग आंबट, आणि माशाची चव सगळ्यात शेवटी. मी पाच दिवसांत चारदा खाल्लं. पाचव्या दिवशी संपलं होतं.

न्याहारीचं थोडक्यात सांगते. इंदिआप्प म्हणजे आपले शिरवाळे, फक्त लहान चकत्यांच्या आकारात, आणि सोबत गोड रस नाही तर किरी होदि: हळद घातलेली, ऊन ऊन, आमसूल विसरलेली सोलकढी. आप्प मिळतात ते बहुधा संध्याकाळी. तांदळाचं आणि नारळाच्या दुधाचं आंबवलेलं पीठ लहान खोलगट कढईत फिरवतात, कडा जाळीदार कुरकुरीत आणि मध्ये मऊ. अंडं फोडून घातलं की बित्तर आप्प. आपल्या आप्प्यांशी नातं फक्त नावाचं. रात्री कोत्तु हवा असेल तर पत्ता विचारायची गरज नाही. तव्यावर दोन पात्यांनी रोटी, भाजी, अंडं तोडत राहतात, तो खणखणाट दोन गल्ल्यांवरून ऐकू येतो. मला स्वतःला आवाजच जास्त आवडला.

सकाळी सहा-साडेसहाला खेळण्यातल्या पियानोसारखी धून वाजवत एक टुकटुक गल्लीतून जातं. मागच्या बाजूला काचेचं कपाट, कपाटात पाव, बन, त्रिकोणी 'मालु पान'. मालु म्हणजे मासा, आणि पान म्हणजे पाव. पान आणि पाव दोन्ही पोर्तुगीजांनी दिलेल्या एकाच शब्दाचे, तिकडे पान झाला, इकडे पाव. कडेमध्ये चहाला बसलात तर न मागता अशा बन-वड्यांची भरलेली ताटली समोर येते. घाबरू नका, खाल तेवढ्याचेच पैसे. पहिल्या दिवशी मी सौजन्य म्हणून सगळी संपवायला निघाले होते.

मधेच पोया आला. श्रीलंकेत दर पौर्णिमेला सुट्टी असते. आमच्या वाट्याला आली ती नवम पोया, म्हणजे माघी पौर्णिमा. त्या दिवशी दारू आणि मांसाची विक्री बंद. वाळूवरच्या रेस्टॉरंटांतलं संगीत खाली आलं, बरेच प्रवासी तोंड पाडून हिंडत होते. गावातली माणसं पांढरे कपडे घालून देवळाकडे निघाली होती. त्या संध्याकाळी आम्ही म्हशीचं दही खाल्लं, मातीच्या पसरट मडक्यातलं, सुरीने कापावं लागेल इतकं घट्ट. त्यावर कितुल पॅनि ओततात. कितुल म्हणजे आपला भेरली माड, लग्नाच्या मांडवाला ज्याच्या झुबक्यांची शोभा करतात तो. त्याचा रस आटवून काकवीसारखा पाक करतात, किंचित धुरकट वासाचा. साखर मिसळलेला पाकही भरपूर मिळतो, तो नुसता गोड लागतो. आम्ही एक मडकं दोघींत घेतलं आणि मावशीने तळाला बोट फिरवून ते कोरडं केलं.

निघायच्या सकाळी अक्काकडे गेलो. दोन बत पॅकेट बांधून घेतली, गाडीत खायला. मावशीने पुन्हा आपलं 'मालु नॅतुव' म्हटलं, आणि अक्का हसून काहीतरी लांबलचक बोलली, त्यातलं आम्हाला काही कळलं नाही. तिने भात, वरण, कुयरी कागदात गुंडाळलं, वरून वर्तमानपत्र, वर दोरा.

कोलंबोच्या गाडीत खिडकी मिळाली. वेलिगामची खाडी मागे पडल्यावर मी पिशवीतून पुड्या काढल्या. दोन्ही सारख्याच दिसत होत्या, तेलाचे डाग तेवढे वेगळे. उलटून पाहिलं तर एकीच्या पोटावर अक्काने बॉलपेनने मासा काढला होता, डोळा आणि खवल्यांसकट, आणि त्यावर ठसठशीत फुली मारली होती. मावशीने तीच उचलली.