सही भरली सहा केबीची

आमचा फोटो स्टुडिओ तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडसमोर. त्या दिवशी सकाळीच कॉम्प्युटरची हार्ड डिस्क दोनदा कटकट वाजली आणि गप्प झाली. नेमकी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या क्लार्क भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख. दुपारी एक मुलगी घामाघूम होऊन आली. "दादा, साइट फोटोच घेत नाहीये. सकाळपासून पाचव्यांदा करतेय." मोबाइलवरचा फोटो तीन एमबीचा, तिथे हवा २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबीत.

तिला घेऊन शेजारच्या ई-सेवा केंद्रात गेलो. केंद्रवाले काका चांगले, पण कॉम्प्युटरच्या बाबतीत फार कडक. "माझ्या मशीनवर काही इन्स्टॉल करायचं नाही हां. मागे एकाने गेम टाकला, आठवडाभर प्रिंटर बंद." त्यांचंही चुकत नव्हतं.

माझ्या पेनड्राइव्हवर फोटोशॉपचं फोल्डर होतं. प्रोग्राम फाइल्समधून उचलून टाकलेलं. कधीतरी कामाला येईल म्हणून वर्षभर खिशात बाळगलं होतं. क्लिक केलं, तर अमकी डीएलएल, म्हणजे प्रोग्रामला लागणारी जोडफाइल, सापडत नाही. सापडणार कुठून? असं सॉफ्टवेअर इन्स्टॉल होताना अर्धा संसार विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगांच्या नोंदवहीत, आणि सिस्टिमच्या फोल्डरांत मांडतं. मी नुसती रिकामी खोली उचलून आणली होती.

मग गिंप आठवलं, फोटोशॉपसारखंच फोटोचं सॉफ्टवेअर. फुकट आहे आणि त्याची पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारी, आवृत्ती मिळते. ती आपल्या सेटिंग स्वतःच्याच फोल्डरात ठेवते, अ‍ॅडमिनचा पासवर्डही मागत नाही. काकांनी आधी पेनड्राइव्ह अँटिव्हायरसमधून काढला, दोन शॉर्टकट व्हायरस निघाले (माझी मान खाली), मग परवानगी दिली. फाइल उतरवली, कुठे टाकू असं तिने विचारल्यावर सी ड्राइव्ह सोडून पेनड्राइव्ह निवडला. हजारो बारक्या फाइली आणि पेनड्राइव्ह जुना. हिरवी पट्टी सरकता सरकेना. मुलगी दर मिनिटाला घड्याळाकडे बघत होती. सुरू करतानाही पहिल्यांदा फॉन्ट वाचत बराच वेळ अडून बसलं. अडकलंय समजून बंद करणार होतो, तेवढ्यात उघडलं.

फोटोचं काम सोपं. क्रॉप केला, आकार बदलला, जेपीईजी एक्स्पोर्ट करताना प्रीव्ह्यूची खूण केली की क्वालिटीची पट्टी सरकवता सरकवता खाली फाइलचा आकार दिसतो. ३४ केबीवर थांबलो. अंगठ्याचा ठसा आणि हाताने लिहिलेलं प्रतिज्ञापत्रही झालं.

अडलं सहीवर. १४० बाय ६० पिक्सेल, १० ते २० केबी. मी नेहमीच्या सवयीने लेव्हल्स (उजेड-काळोख कमीजास्त करायच्या खुणा) ओढून कागद पांढराशुभ्र केला, शाई काळीभोर. बघून मलाच बरं वाटलं. फाइल भरली सहा केबी! आयुष्यभर फोटो लहान करत आलो, इथे मोठा करायचा होता. क्वालिटी शंभर केली तरी दहाला पोचेना. मग लक्षात आलं, सपाट पांढऱ्यात साठवायला असतंच काय? कंट्रोल झेड दाबत मागे गेलो. वहीच्या कागदाचा खरखरीतपणा, मोबाइलच्या कॅमेऱ्याचे दाणे, सगळं परत आलं. थोडी मळकट दिसली, पण ११ केबी. साइटने घेतली.

पैसे भरून पावती निघेपर्यंत सहा वाजत आले होते. डेस्कटॉपवरच्या तिच्या फाइली पुसल्या, पेनड्राइव्ह नीट इजेक्ट करून काढला. काकांनी लगेच कंट्रोल पॅनलमधली इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरची यादी वरपासून खालपर्यंत तपासली.

"काहीच नाही की रे."

"म्हटलं ना, सगळं यात आहे."

"मग थांब जरा," म्हणत त्यांनी दाराकडे बोट केलं. बाकावर आणखी तीन पोरं बसली होती, हातात मोबाइल, सहीचे कागद. पेनड्राइव्ह परत खोचला.