मधाच्या डब्याला वासच नव्हता

लंडनमधल्या एका ग्रीक रेस्टॉरंटच्या किचनमध्ये पेस्ट्री सांभाळतो मी. मागच्या शनिवारी जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये.

आमच्याकडे क्रीट या ग्रीक बेटावरचा थाइमचा मध येतो, दहा किलोचा डबा. थाइम म्हणजे तिथल्या खडकाळ डोंगरावरची गुडघ्याएवढी झुडपं, जांभळी फुलं, जून-जुलैच्या कोरड्या उन्हात फुलणारी. त्यामुळे मधात पाणी कमी, चमचा उलटा केला तरी सावकाश उतरतो. आधी गोड, मग ओवा चावल्यासारखं काहीतरी घशाशी येतं. चक्क्यासारखं दही, वर अक्रोड आणि हा मध, बास. लुकुमादेस (गुलाबजामचे ग्रीक चुलतभाऊ समजा) तळून काढले की वरून सोडायचा. बकलाव्याच्या (पातळ थर आणि सुकामेव्याची, पाकात मुरवलेली मिठाई) पाकात मात्र नाही घालायचा, उकळला की त्याची सगळी ऐट वाफेबरोबर जाते, हे मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो आणि प्रत्येक पोरगं मान डोलावतं.

शनिवारी डबा उघडला तर वासच नाही. नुसता गोड, रंगही जरा काळपट. मी तडक सप्लायरला फोन लावला, म्हातारा ग्रीक माणूस आहे, आणि सरळ म्हणालो की तुम्ही भेसळ करताय. तो काहीच चिडला नाही, संध्याकाळी त्या लॉटचा लॅब रिपोर्ट पाठवला. ग्रीसच्या नियमात थाइमचा मध म्हणून विकायचा तर थाइमचे परागकण किमान १८ टक्के लागतात. आकडा ऐकून कमी वाटतो, पण या फुलाचा पराग मधात मुळातच कमी उतरतो. त्याच्या रिपोर्टात बरेच जास्त होते.

सर्व्हिस संपल्यावर भांडी घासणारा पोरगा हळूच म्हणाला, "शेफ, मध फार घट्ट होता ना, म्हणून मी गुरुवारी रात्रभर डबा गरम पाण्यात ठेवला, खालचा बर्नर चालूच होता." मदत करायला गेला बिचारा! त्याला काय ओरडणार, घट्ट मधाचं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, माझं सगळं लेक्चर पेस्ट्रीच्या पोरांना. मॅनेजमेंटला तर मध म्हणजे फक्त किलोचा भाव.

उरलेला डबा बकलाव्याच्या पाकात संपवतोय.

म्हाताऱ्याला अजून फोन केलेला नाही. उद्या पुढची ऑर्डर द्यायचीये.