अर्धं अक्षर

२० नोव्हेंबर, हनोई. रात्रीचे साडेदहा.

घरात फुलांचे सात गुच्छ आहेत आणि फुलदाणी एकही नाही. चार बादलीत ठेवलेत, एक पाण्याच्या जगमध्ये, उरलेले दोन ओल्या टॉवेलवर. आज इथला शिक्षक दिन. व्हिएतनाममध्ये १९८२ पासून २० नोव्हेंबरला तो साजरा होतो, हे मला महिनाभर आधीपासून माहीत होतं. पण माझ्यासाठी कोणी फुलं आणेल हे मनातही आलं नव्हतं. १६ वर्षं विमा कंपनीत क्लेमच्या फायली बघितल्या. तिथे टेबलासमोर माणूस यायचा तो काहीतरी गमावूनच.

एका गुच्छात कार्ड होतं. वर व्हिएतनामी ओळ, खाली जपून लिहिलेलं इंग्रजी. ही इथली जुनी म्हण आहे: एक अक्षर शिकवलं तो गुरू, अर्धं शिकवलं तोही गुरू. कार्ड देणारी मुलगी एका कंपनीत अकाउंट्सचं काम करते, माझ्या इंग्रजीच्या संध्याकाळच्या वर्गाला येते, पहिल्या बाकावर बसते. ती निघून गेली आणि मी कार्ड हातात धरून तशीच उभी राहिले. कारण अर्ध्या अक्षराचा हिशोब आमच्या दोघींत आधीच झालेला आहे, आणि देणेकरी मी आहे.

सप्टेंबरातली गोष्ट. कपड्यांच्या नावांचा धडा होता. मी 'व्हेस्ट' म्हटलं, मग चित्रातल्या नकाशावर बोट ठेवून 'वेस्ट' म्हटलं. ही मुलगी हळूच म्हणाली, "दोन्ही सारखेच ऐकू येतात." मी पुन्हा म्हणून दाखवलं. तिने मान हलवली. तिसऱ्यांदा म्हणताना माझं मलाच ऐकू आलं, माझ्या तोंडून एकच आवाज येत होता. आपला 'व'. कागदावर आपण व्ह लिहितो, पण तो 'व्हॅन'लाही लिहितो आणि 'व्हाइट'लाही, आणि इंग्रजीत त्या दोन शब्दांची सुरुवात सारखी नाही. इतकी वर्षं ऑफिसात, फोनवर, मीटिंगमध्ये मी हे बोलत आले आणि एकाही माणसाने मला थांबवलं नव्हतं. आमच्यातल्या सगळ्यांचाच 'व' तसा होता.

तिने स्वतःच्या भाषेतला 'हो' म्हणून दाखवला. मोठ्यांशी आदराने बोलताना इथे 'व्हंग' म्हणतात. "हे म्हणताना दात ओठाला लागतात, बघा," असं तिने खुणेने दाखवलं. वरचे दात खालच्या ओठावर नीट टेकलेले, मधून हवा घासत जाते. नकाशातल्या शब्दाला दात लागायचेच नाहीत, शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू. आपला 'व' या दोहोंच्या मधोमध. दात ओठापाशी जातात पण टेकत नाहीत. मी वर्गातच दहा वेळा म्हणून पाहिलं. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता आणि जमलं तेव्हा टाळ्या पडल्या. त्या रात्री न्हाणीघरातल्या आरशासमोर अर्धा तास उभी होते. अजूनही रोज पाच मिनिटं करते. बेसावध असले की जुना 'व' परत येतो.

इथे यायच्या आधी मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती ती याचीच. विद्यार्थ्यांसमोर पकडलं जाण्याची. पकडले गेले, आणि त्याच दिवसापासून तो वर्ग माझा झाला.

आज हे सगळं आठवतंय तर सुरुवातीचंही लिहून ठेवते.

मी मराठी शाळेतली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली, आमच्या बॅचनंतर. पाचवीत ए-बी-सी-डी गिरवलेल्या मुलीने परदेशात जाऊन इंग्रजी शिकवायचं, हे आईला पटायला दोन वर्षं लागली. "अगं, चाळिशी ओलांडल्यावर कोणी कायमची नोकरी सोडतं का?" हा तिचा एक प्रश्न. आणि दुसरा, जो मला जास्त लागला, "ज्यांची भाषा आहे ते सोडून तुला कोण घेणार?" तिच्या मनात वाईट काही नव्हतं. हाच प्रश्न पुढे मला निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या शब्दांत विचारला.

नोकरी सोडायला पगाराचं कारण विचाराल तर काहीच नव्हतं. ऑफिसात नव्या मुलामुलींना इंग्रजी पत्रं लिहायला मी शिकवायची, जेवणाच्या सुट्टीत. दिवसातली तेवढी ४० मिनिटं मला हवीहवीशी वाटायची. बाकीचे आठ तास मी घड्याळाकडे बघत असे. असं दोन-चार महिने नाही, पाच-सहा वर्षं चाललं होतं.

बिनपगारी रजा काढून सेल्टा केलं. इंग्रजी शिकवायला शिकवणारा केंब्रिजचा कोर्स आहे, १२० तासांचा. त्यात ६ तास खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं, मागे बसून ट्यूटर टिपणं काढणार. शिवाय ४ लेखी असाइनमेंट. पूर्णवेळ केला तर चार-पाच आठवड्यांत संपतो, पण ते आठवडे माणसाला पिळून काढतात. पहिल्या तासानंतर ट्यूटर म्हणाल्या, "तुम्ही नऊ वेळा 'समजलं का?' विचारलंत. नऊ वेळा सगळे हो म्हणाले." मग त्यांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं: आय हॅव लॉस्ट माय की. म्हणाल्या, काळाचं नाव सांगू नका, नियम सांगू नका. विचारा, किल्ली हरवली का? हो. कधी हरवली ते माहीत आहे का? नाही. आत्ता माझ्याकडे आहे का? नाही. मी तो काळ शाळेत 'पूर्ण वर्तमान' म्हणून घोकला होता, परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. त्याचा सगळा जीव शेवटच्या प्रश्नात आहे, आत्ता किल्ली नाही यात आहे, हे मला त्या दिवशी कळलं. 'समजलं का?' हा प्रश्न मी तेव्हापासून वर्गात विचारलेला नाही. फोनवर आईला मात्र सवयीने विचारते.

त्याच कोर्समध्ये ब्रज कच्रू हे नाव पहिल्यांदा ऐकलं. काश्मीरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ. १९८५ साली त्यांनी जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आत ज्यांची ती मातृभाषा, त्याबाहेर भारतासारखे देश जिथे ती कारभारात आणि शिक्षणात मुरली, आणि त्याहीबाहेर व्हिएतनाम, जपान, चीनसारखे देश जिथे ती परकी भाषा म्हणून शिकतात. कागदावर ती वर्तुळं मला फार आवडली. नोकरी शोधायला लागल्यावर त्यांच्या भिंती लागल्या.

दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारताशी २०१० पासून करार आहे, पण त्या वाटेने जायला शिक्षकाची अधिकृत पात्रता लागते, आणि माझ्याकडे बी.एड. नाही. एका ठिकाणी मुलाखत झाली, व्हिडिओवर नमुना तास झाला, मंडळी खूश होती. मग पासपोर्ट कुठला म्हणून विचारलं आणि आवाज बदलला. "पालकांना नेटिव्ह हवा असतो." दुसऱ्या एकाने घ्यायची तयारी दाखवली, पण त्याच वर्गांसाठी, त्याच तासांसाठी कमी पगारात, आणि तो फरक कशाचा ते स्पष्ट सांगितलंही. तिसरा म्हणाला, आधी पर्यटक व्हिसावर या, शिकवायला लागा, कागदपत्रं नंतर बघू. तिघांनाही नाही म्हटलं. दुसऱ्याला नाही म्हणताना हात थरथरत होते, कारण तेव्हा हातात दुसरं काहीच नव्हतं. पण तो कमी पगार एकदा मान्य केला असता तर पुढे प्रत्येक वर्गात मी तो अंगावर घेऊन उभी राहिले असते.

शेवटी इथली, हनोईची नोकरी मिळाली. कोणी या वाटेने येणार असेल तर कागदांचं एवढंच सांगते: नोकरी हातात यायच्या आधी सुरुवात करा. पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र, पोलीस क्लिअरन्स, वैद्यकीय तपासणी, आणि आपली मातृभाषा इंग्रजी नाही म्हणून भाषेच्या परीक्षेचे गुण, मी आयईएलटीएसचे दिले. पदवीवर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, त्यावर माझ्या वेळी व्हिएतनामी दूतावासाचा शिक्का, मग सगळ्याचं व्हिएतनामीत भाषांतर. कामाचा परवाना एका वेळी जास्तीत जास्त २ वर्षांचा मिळतो. क्लेमच्या फायली बघून बघून कागदाची भीती मोडली होती, तेवढा त्या १६ वर्षांचा आधार झाला.

कामाचे तास उलटे आहेत. संध्याकाळी साडेपाच ते नऊ, आणि शनिवार-रविवार पूर्ण दिवस. बहुतेक वर्ग लहान मुलांचे. मोठ्यांचे दोनच आहेत, आणि माझा जीव त्या दोनांत आहे.

त्यातल्याच एकात एक निवृत्त इंजिनिअर येतात. वय ६३. नात ऑस्ट्रेलियात वाढते आहे, तिच्याशी बोलता यावं म्हणून. ते मला 'को' म्हणतात. बाई-शिक्षिकेला इथे 'को'च म्हणतात, आणि त्याचा मूळ अर्थ वडिलांची बहीण. म्हणजे आत्या! माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस मला आत्या म्हणून हाक मारतो, आणि मी त्यांना 'बाक' म्हणते, म्हणजे आईवडिलांपेक्षा मोठे काका. या भाषेत मी-तूची कामं बरीचशी नात्याचे शब्दच करतात. दादा, ताई, काका, धाकटा. म्हणून पहिल्याच भेटीत लोक वय विचारतात. वय कळल्याशिवाय समोरच्याला काय म्हणायचं तेच ठरत नाही.

तर हे बाक 'यू' म्हणेनात. जोडीने प्रश्न विचारायचा सराव चालला होता. मला विचारताना ते म्हणाले, "टीचर लाइक कॉफी?" मी दुरुस्त केलं. पुन्हा, "डझ टीचर लाइक कॉफी?" व्याकरण सुधारलं, 'यू' काही आला नाही. सोबतचा एक शिक्षक म्हणतो की या विद्यार्थ्यांचं हे नेहमीचंच आहे, रेटून करून घ्यायचं. मी नाही रेटलं. मला पाचवीतला वर्ग आठवला. बाईंकडे बोट करून 'यू' म्हणायचं होतं आणि माझी जीभ उचलेना, कारण माझ्या मनात त्याचा अर्थ 'तू' होता. ऑफिसातही आम्ही साहेबांना "तू" सोडाच, "तुम्ही"सुद्धा टाळायचो. "साहेब चहा घेणार?"

पुढच्या तासाला तयारी करून गेले. फळ्यावर दोन शब्द लिहिले, दाउ आणि यू. सांगितलं की जुन्या इंग्रजीत एका माणसासाठी, जवळच्यासाठी दाउ होतं, आणि यू अनेकांसाठी. मग मोठ्या माणसांना आदराने अनेकवचनात बोलायची रीत पडली, ती पसरत गेली, आणि शेवटी रोजच्या बोलण्यातून दाउच गळून पडलं. म्हणजे आज जो यू उरलाय तो मूळचा आदराचा आहे. गेलंय ते 'तू', राहिलंय ते 'तुम्ही'.

बाकांनी वहीत दोन्ही शब्द लिहिले. दाउवर रेघ मारली. यूच्या खाली दोन रेघा ओढल्या. मग चष्मा काढून हातात घेतला, माझ्याकडे सरळ पाहिलं आणि अगदी सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाले, "डू यू लाइक कॉफी?"

मला उत्तर द्यायला थोडा वेळ लागला.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या संध्याकाळी मिळालं, ज्यांची भाषा आहे ते सोडून तुला कोण घेणार याचं. इंग्रजीत जन्मलेल्या माणसाला तो यू जिभेवर अडतो कसा हे कोणीतरी सांगावं लागेल. मी तिथे अडलेली आहे. प्रत्येक शब्दाआधी ए की द, की काहीच नाही, यावर वर्षानुवर्षं ठेचकाळले आहे, कारण आपल्या भाषेत ते नाहीतच. त्यांच्याही भाषेत ते जसेच्या तसे नाहीत. वाट कुठे घसरडी आहे ते माझ्या पायांना माहीत आहे.

आता मीही सकाळी व्हिएतनामी शिकायला जाते. इथे सहा सूर आहेत. 'मा' हा एक उच्चार सहा सुरांत भूत, गाल, 'पण' (परंतु), थडगं, घोडा आणि भाताचं रोप. काल मी घोड्याऐवजी थडगं म्हटलं. शिकवणाऱ्या बाईंनी "समजलं का?" विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं. म्हणताक्षणी त्या नऊ वेळांची आठवण झाली.

अकरा वाजून गेले. ओल्या टॉवेलवरची फुलं उद्यापर्यंत तग धरतील असं वाटत नाही.

२१ नोव्हेंबर, सकाळ.

खालच्या मजल्यावरच्या आजींकडून दोन मोठ्या बरण्या मागून आणल्या. सगळी फुलं मावली. फोनवर आईला दाखवली. तिने कार्डावरची ओळ काय आहे ते विचारलं, मी मराठीत सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "त्या मुलीला तू काय दिलंस?"

काही दिलं नाही अजून. आज संध्याकाळी त्यांचा वर्ग आहे. छोटे बारा आरसे घ्यायचे आहेत, प्रत्येकाला एक. आज दात आणि ओठ, दोन्ही आवाज. फळ्यापाशी मी उभी राहणार नाही. तिलाच पुढे बोलावणार आहे, आणि मी तिच्या बाकावर आरसा घेऊन बसणार आहे.