समुद्र दहा मिनिटांवर, तरी खारं पाणी घरात का कालवतो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण घरी येणारं जवळजवळ प्रत्येक जण ड्राय बाल्कनीतलं पिंप बघितलं की हेच विचारतं, की अहो दादरला राहता, चौपाटी चालत दहा मिनिटांवर, मग माशांच्या टाकीसाठी मीठ विकत आणून खारं पाणी कशाला बनवता, दोन कॅन भरून आणा की.

नाही आणत. मिठी नदी माहीमच्या खाडीतून ह्याच समुद्राला मिळते, तिच्यातून काय काय वाहून येतं ते मुंबईकराला सांगायला नको, आणि पावसाळ्यात किनाऱ्याजवळच्या पाण्याचा खारटपणाच उतरतो. माझ्या 200 लिटरच्या टाकीत दोन क्लाउनफिश, थोडे कोरल (प्रवाळ) आणि एक क्लीनर श्रिंप आहे (आमच्या घरात तिला कोळंबीच म्हणतात), ह्या सगळ्यांना 35 पीपीटी पाणी लागतं, म्हणजे किलोभर पाण्यात 35 ग्रॅम क्षार, आज एक उद्या दुसरं असं चालत नाही. स्वयंपाकाचं मीठही नाही चालत, ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराईड, कोरलला कॅल्शियम मॅग्नेशियम सगळं हवं, म्हणून रीफ सॉल्ट, म्हणजे हे सगळे क्षार घातलेलं टाकीसाठीचं खास मीठ.

पिंप 100 लिटरचं, फूड ग्रेड, नवीन घेतलेलं. भंगारात निळे ड्रम स्वस्त मिळतात पण त्यात आधी कुठलं केमिकल होतं ते कळायला मार्ग नसतो, कृपा करून ते घेऊ नका. तळाला नळ बसवलाय तो प्लास्टिकचा, आणि ह्यावर मी अडून बसलो होतो, कारण प्लंबर सवयीने पितळी नळ घेऊन आला, म्हणाला साहेब हा वीस वर्षं टिकेल. टिकेल हो, पण पितळेत तांबं असतं आणि ते खाऱ्या पाण्यात उतरलं की कोळंबीला आणि कोरलला विषच. त्याला परत पाठवून प्लास्टिकचा आणायला लावला.

पाणी आरओचं. घरच्या प्युरिफायरमध्ये बऱ्याचदा टीडीएसचा (म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा) स्क्रू असतो, तो थोडं मूळ पाणी परत मिसळतो, पिण्याला ठीक पण आपल्याला नको, म्हणून मी वेगळा आरओ आणि त्याच्यापुढे उरलेसुरले क्षार काढणारं डीआय रेझिन लावलंय, टीडीएस मीटरवर 0 दिसल्याशिवाय पिंपात थेंब सोडत नाही. वाया जाणारं पाणी लादी पुसायला.

आता खरं काम. आधी पाणी, मग मीठ, उलटं कधीच नाही. पहिल्या वेळी मी तळाला मीठ ओतून वरून पाणी सोडलं, घाई होती, आणि बघता बघता सगळं ताकासारखं पांढरं झालं, दुसऱ्या दिवशी पिंपाच्या भिंतीवर पांढरा थर, म्हणजे घट्ट मिठात कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसलं, कोरलसाठी पैसे मोजून आणलेलं कॅल्शियमच गेलं. फार वाईट वाटलं होतं. आता 80 लिटर भरतो, पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) चालू करतो, पाणी गोल फिरायला लागलं की साधारण तीन किलो मीठ मगाने थोडं थोडं सोडतो आणि रात्रभर फिरू देतो. सकाळी रिफ्रॅक्टोमीटरच्या (खारटपणा मोजायची दुर्बिणीसारखी नळी) काचेवर एक थेंब टाकून उजेडाकडे धरायचा, निळा आणि पांढरा जिथे भेटतात ती रेघ 35 वर आली पाहिजे. हा रिफ्रॅक्टोमीटर मात्र 35 च्याच कॅलिब्रेशन सोल्यूशनने सेट करा, साध्या पाण्याने 0 लावलं तरी वर चुकतो. आणि उरलेलं मीठ घट्ट झाकणाच्या डब्यात, जुलैच्या हवेत उघडी पिशवी आठवड्यात दगड होते.

आठवड्याला टाकीतलं 20 लिटर पाणी बदलतो मग 80 कशाला, असंही विचारतात. मागच्या पावसाळ्यात एक मोठी गोगलगाय दगडामागे मरून पडली, आम्हाला पत्ता नाही, रात्री अकराला टाकी गढूळ दिसली आणि टेस्टमध्ये अमोनिया, म्हणजे टाकीतल्या सगळ्यांना विषच. त्या वेळी पाणी बनवायला बसलो असतो तर सकाळ झाली असती. पिंपात तयार होतं, 60 लिटर बदललं, बायको बादल्या धरत होती मी पाइप. कोळंबी कुठेच दिसत नव्हती. पहाटे पाचच्या सुमारास दगडाच्या कपारीतून आधी तिच्या पांढऱ्या मिशा बाहेर आल्या.