खंडूच्या ताटात काय घालायचं

खंडू आमच्या इंदिरानगरच्या घरी आला तो डिसेंबरात. दोन महिन्यांचं बिअर्डेड ड्रॅगनचं पिल्लू, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर 18 ग्रॅम भरलं. बिअर्डेड ड्रॅगन हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, उघड्या भागातला सरडा. घाबरला किंवा चिडला की गळ्याखालची खवल्यांची झालर फुगवून काळी करतो, म्हणून त्याला दाढीवाला म्हणतात. काचेची टाकी, उन्हाची ऊब देणारा दिवा, यूव्हीबीची, म्हणजे अतिनील किरण देणारी नळी असं सगळं मी महिनाभर आधीपासून जमवलं होतं. त्याला खायला काय द्यायचं, याचा मात्र पुरेसा विचार केला नव्हता.

मोठा ड्रॅगन बहुतेक पालेभाजीवर जगतो. पिल्लाचं उलट असतं. वाढीच्या महिन्यांत त्याच्या खाण्यातला तीन चतुर्थांश भाग तरी किड्यांचा लागतो, तोही जिवंत आणि दिवसातून दोन-तीनदा. मी जिथे विचारलं त्या दुकानात पक्ष्यांसाठी ठेवलेल्या सुपरवर्म अळ्या होत्या. दुकानदार म्हणाला, "सगळे हेच नेतात." डबा घरी आणला. चार-पाच सेंटिमीटर लांब, तपकिरी, कडक सालीच्या अळ्या. खंडूने एकामागून एक सहा गिळल्या आणि मला फार आनंद झाला.

पुढचे पाच दिवस त्याने शी केली नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी तो फांदीवरून उतरला तेव्हा डावा मागचा पाय ओढत चालत होता. मला वाटलं, पाय मुरगळला. डॉक्टरांनी त्याला तळहातावर उताणा घेतला, अंगठ्याने पोट हळूच चाचपलं आणि म्हणाले, "पायाला काही झालेलं नाही. पोट अडलंय, त्याचा दाब पायाच्या नसांवर येतोय." मग त्यांनी विचारलं, दिव्याखालच्या दगडाचं तापमान किती? मी मोजलंच नव्हतं. घरी येऊन मोजलं तर 31 अंश. पिल्लाला ऊन खाण्याच्या जागी 40 च्या आसपास लागतं. नाशिकच्या थंडीत पारा 10 च्या खाली जातो, आमची ती खोली उत्तरेकडची, आणि सरड्याचं पचन बाहेरच्या उबेवरच चालतं. साल जाड, अळी मोठी आणि दगड गार, असं सगळं एकदमच जुळून आलं होतं.

जास्त वॉटचा दिवा लावला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज पंधरा मिनिटं कोमट पाण्यात, छातीपर्यंतच, हाताने धरून बसवलं. सातव्या दिवशी त्याने पाण्यातच शी केली. तिच्यात अळ्यांच्या सालीची कडी जशीच्या तशी होती, एकात एक अडकलेली. ती मी काडीने वेगळी करून पाहिली.

त्यानंतर मी नियम पाळला तो मापाचा. पिल्लाच्या दोन डोळ्यांमधलं अंतर हे घासाचं माप. त्याहून लांब किडा द्यायचा नाही. पुढचे काही आठवडे मी लहान रातकिडे दिले. रातकिडा चांगला, कारण तो पळतो आणि पिल्लू त्याच्यामागे धावतं. पण त्याच्या अंगात कॅल्शियम अगदी थोडं आणि फॉस्फरस कितीतरी पट जास्त असतो. नुसत्या रातकिड्यांवर वाढलेल्या पिल्लाचा जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात. म्हणून डब्यात चिमूटभर कॅल्शियम पावडर घ्यायची, किडे टाकून डबा हलवायचा आणि पांढरे झालेले किडे लगेच द्यायचे. उशीर केला तर किडे अंग चाटून पावडर काढून टाकतात. दहा-पंधरा मिनिटांत जे उरतील ते मोजून बाहेर काढायचे. एका रात्री दोन राहून गेले आणि सकाळी खंडूच्या मागच्या बोटाच्या टोकावर चावल्याची लाल खूण होती. भुकेला रातकिडा झोपलेल्या सरड्याला कुरतडतो, हे मला तेव्हा कळलं.

खरा प्रश्न याच्या पुढे होता. किडा जे खाऊन येतो तेच शेवटी पिल्लाच्या पोटात जातं. दुकानातून आलेले रातकिडे कशावर जगलेले असतात, कोणी सांगत नाही. ते आल्यावर मी दोन दिवस पुठ्ठ्याच्या अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवून त्यांना शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा खायला घालू लागले. पाण्याची वाटी ठेवत नाही, त्यात बुडून मरतात; गाजरातून पाणी मिळतं.

आई म्हणायची, "अगं, विकत कशाला आणतेस? मामाच्या मळ्यात नाकतोडे मिळतील की पोतंभर." मामाचा मळा दिंडोरीकडे, सगळी द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीनंतर माल निघेपर्यंत तिथे किती फवारण्या होतात हे मी लहानपणापासून पाहते आहे. बांधावरचा नाकतोडा त्याच पानावर बसलेला असतो. मोठ्या माणसाला त्या मात्रेचं काही होणार नाही, पण 18 ग्रॅमच्या जिवाला एक नाकतोडा पुरे. घरातल्या झुरळांचंही तेच. कुणाच्या ओट्याखाली कोणती जेल लावलेली आहे, कुणाला ठाऊक. शिवाय रानातल्या किड्यांतून परजीवीही येतात. आईला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. तिच्या भावाचे हात फवारणीने फुटलेले तिनेही पाहिलेत.

वाट सापडली ती येवल्याकडे. पैठणीसाठी रेशीम लागतं आणि त्या भागात काही शेतकरी तुती लावून रेशीमकिडे पाळतात, हे माहीत होतं. ओळखीतून एका शेतकऱ्यांकडे गेले. त्यांनी बांबूच्या सुपात चॉकी दाखवली, म्हणजे अंड्यातून निघून पहिल्या दोन अवस्थांत असलेल्या अळ्या. मुंगीएवढ्या आल्या की दोन-तीन आठवड्यांत बोटाएवढ्या होतात. अंग मऊ, साल पातळ. मी म्हटलं, यांना फवारणीचं पान गेलं तर? ते म्हणाले, "ताई, मग तुम्हाला वेगळं सांगावं लागत नाही. अळीच सांगते."

आणि तसंच झालं. पन्नासेक अळ्या घरी आणल्या, पहिले काही दिवस त्यांच्याच शेतातली पानं घातली. ती संपल्यावर एका रस्त्याकडेच्या तुतीची पानं तोडली. पलीकडे बाग होती, पण लांब वाटली. सगळ्यांना घालण्याआधी सहा अळ्या वेगळ्या डब्यात ठेवून त्यांना एक पान दिलं. तासाभराने पाहिलं तर त्या डोकं वर करून झुलत होत्या, तोंडातून हिरवट पाणी येत होतं. दुपारपर्यंत सहाही आखडून मेल्या. ती पानं मी कचऱ्यात टाकली, तो डबा फेकून दिला आणि किती तरी वेळ खंडूच्या टाकीजवळ बसून राहिले. त्या दिवसापासून नवं झाड मिळालं की पान आधी सहा अळ्यांना, दोन दिवस थांबायचं, मगच बाकीच्यांना. पान ओलं घालायचं नाही, पुसून घालायचं. ओल्या पानाने अळ्यांना रोग लागतो. शेतकरी अळ्यांच्या थरावर जंतुनाशक भुकटी टाकतात, म्हणून मी लहान चॉकीच आणते आणि निदान आठवडाभर स्वतः वाढवल्याशिवाय एकही अळी देत नाही.

फक्त रेशीमअळ्यांवर पिल्लू ठेवता येत नाही. अळीच्या अंगात बरंचसं पाणीच असतं, सलग दिल्या की शी पातळ होते. म्हणून आठवड्यात तीन दिवस अळ्या, बाकीचे दिवस रातकिडे आणि खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या डुबिया झुरळांची लहान पिल्लं. डुबिया काचेवर चढत नाहीत, आवाज नाही, वास नाही. फक्त थंडीत त्यांचा डबा उबेला ठेवावा लागतो. किडे हाताळल्यावर आणि खंडूला घेतल्यावर साबणाने हात धुणं हे घरातल्या सगळ्यांना लावून दिलंय.

जूनच्या सुरुवातीला शेजारचा मुलगा भंडारदऱ्याहून आला. काजवे बघायला गेले होते. जाळीच्या झाकणाची बाटली घेऊन थेट आमच्याकडे. "मावशी, खंडूला गंमत!" आत चार काजवे लुकलुकत होते आणि खंडू काचेला नाक लावून, मान वाकडी करून त्यांच्याकडे टक लावून होता. मी बाटली त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. अमेरिकेतल्या फोटिनस काजव्यांच्या अंगात हृदयावर परिणाम करणारं विष असतं आणि एका काजव्याने बिअर्डेड ड्रॅगन मेल्याची नोंद आहे. आपल्याकडच्या काजव्यांवर मी तो प्रयोग करणार नाही. मुलगा रडवेला झाला. त्याला जवळ बसवून सगळं सांगितलं, मग आम्ही दोघं गच्चीवर गेलो आणि कुंड्यांजवळ बाटली उघडली. तीन लगेच उडाले. चौथा बराच वेळ तुळशीच्या पानावर बसून होता.

खाली आल्यावर त्यानेच चिमट्याने खंडूला रेशीमअळी भरवली. आज सकाळी खंडू काट्यावर 240 ग्रॅम भरला.