न उमटलेला रंग

ओमेंटमच्या, म्हणजे आतड्यांवरच्या चरबीच्या पदराच्या, बायोप्सीसोबतच्या कागदावर 'अंडाशयाचा कर्करोग' असे इतक्या ठामपणे लिहिले होते की, माझ्याकडून, पॅथॉलॉजिस्टकडून, केवळ शिक्कामोर्तब व्हायचे बाकी होते. रुग्ण पन्नाशीच्या बाई; पोटात पाणी साठलेले, आणि अंडाशयाच्या कर्करोगात वाढणारे रक्तातले सीए-१२५ हे प्रथिन ३५ च्या मर्यादेच्या कितीतरी पट वाढलेले. वास्तविक पोटाच्या आतल्या अस्तराला, म्हणजे पेरिटोनियमला, क्षयामुळे सूज आली तरी हा आकडा चढतो. स्कॅनमध्ये अंडाशये तर जवळपास नेहमीसारखीच होती.

मायक्रोस्कोपखाली बोटांसारख्या आकाराचे पुंजके दिसले. सिरस कार्सिनोमातही, म्हणजे अंडाशयाच्या नेहमीच्या कर्करोगातही, ते असतात. खटकले ते एवढेच की पेशींची केंद्रके फार एकसारखी होती. म्हणून मार्कर, म्हणजे पेशीतले ठरावीक प्रथिन असेल तरच तपकिरी रंग देणाऱ्या चाचण्या, लावले. डब्ल्यूटी-१ पॉझिटिव्ह आले, पण ते अंडाशयाच्या सिरस कर्करोगात आणि मेसोथेलिओमात (पेरिटोनियमसारख्या अस्तराच्याच कर्करोगात), दोन्हीकडे येते, त्यामुळे त्याचा उपयोग नव्हता. सिरस कार्सिनोमात सहसा येणारे पॅक्स-८ निगेटिव्ह होते. इस्ट्रोजेन रिसेप्टरने सिरस कार्सिनोमाची केंद्रके बहुधा तपकिरी होतात. येथे एकही झाले नव्हते.

न उमटलेल्या रंगावर विसंबणे अवघड असते. ऊतक ते टिकवणाऱ्या फॉर्मालिनमध्ये उशिरा पडले, तरीही हा रिसेप्टर रंगत नाही. शेजारचा स्तनाच्या गाठीचा कंट्रोल, म्हणजे रंग येणारच असा पडताळणीचा तुकडा, उत्तम रंगला होता. पण त्यावरून रसायने ठीक आहेत एवढेच कळते, या तुकड्याचे काय झाले ते कळत नाही. ही शंका बॅप-१ ने मिटवली; हे प्रथिन निरोगी पेशींत असते आणि मेसोथेलिओमात अनेकदा नाहीसे होते. गाठीच्या पेशींची केंद्रके निळीच राहिली होती आणि त्यांना खेटून असलेल्या निरोगी लिम्फोसाइटची (पांढऱ्या रक्तपेशींची) केंद्रके मात्र तपकिरी झाली होती. म्हणजे ऊतक शाबूत होते. प्रथिन फक्त गाठीतूनच नाहीसे झाले होते. मेसोथेलिओमाची खूण असलेले कॅलरेटिनिन तर केंद्रकासह सबंध पेशीत गडद उमटले होते. मी 'पेरिटोनियल मेसोथेलिओमा' असे निदान लिहिले आणि अहवाल टाइप होण्याआधीच सर्जनना फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंडाशयाच्या कर्करोगावरचे औषध, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, सुरू व्हायचे होते. ते थांबले. त्याऐवजी गाठी शक्य तितक्या काढून पोटात सुमारे ४२ अंशांपर्यंत तापवलेले केमोथेरपीचे औषध फिरवता येईल का, हे तपासण्यासाठी बाईंना दुसऱ्या केंद्रात पाठवण्याचे ठरले. "ॲस्बेस्टॉसशी कधी संबंध आला होता का, तेवढे विचारा," असे मी म्हटले; मेसोथेलिओमाचे ते ओळखीचे कारण आहे. संध्याकाळी सर्जनचा उलट फोन आला: घरावर कौले होती आणि नोकरी शिक्षिकेची. स्त्रियांच्या पोटातल्या या आजारात असे, संबंध नसल्याचे, उत्तर पुष्कळदा येते.