पोदेर आणि शवासन

पणजीत मळा नावाच्या भागात, एका जुन्या घराच्या माडीवर माझा योगवर्ग भरतो. पावणेसातला सगळे शवासनात निवांत झाले की नेमका खाली पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत येतो, पों पों. पहिल्या वर्षी मी धावत जाऊन खिडक्या लावायचे. आता उघड्याच असतात. एक आजी डोळे न उघडता पुटपुटतात, "बाय, माझे चार उंडे घेऊन ठेव गो."

सुरू करताना मला किनाऱ्यावरच्या वर्गांसारखे आरसे हवे होते. पैसे संपले, आरसे राहूनच गेले. बरंच झालं! आरशासमोर माणूस पोट आत ओढतो, श्वास विसरतो.

मी शिकले ती योगगुरू बी. के. एस. अय्यंगार गुरुजींची पद्धत. पुण्यात १९७५ साली त्यांची संस्था सुरू झाली. पट्टे, दोर, लाकडी विटा ही त्यांची देणगी: हात जमिनीला टेकत नसेल तर वीट घ्या, गुडघ्याशी भांडू नका. आमच्या विटा सुताराने फणसाच्या लाकडाच्या करून दिल्या. जुलैत त्यांवर हिरवट बुरशी धरते. मग मी त्या माडाच्या व्हिनेगरने पुसते, आणि आठवडाभर प्राणायामाला लोणच्याचा वास.